छपराचा खंड कोणाच्या पदरात?

पुण्याहून कात्रजचा डोंगर ओलांडून साताऱ्याच्या दिशेने निघाले की शिंदेवाडीपाशी भोर तालुक्याची हद्द लागते. वेळू, नसरापूर, कापूरहोळ, किकवी ही या तालुक्यातील गावे महामार्गाच्या अंगाखांद्यावर पसरली आहेत. एके काळी जेथे भाताची खाचरे आणि ज्वारीची राने रस्त्याला येऊन भिडत, तेथे आता गोदामे, लहानमोठे कारखाने, वाहनदुरुस्तीच्या शेड आणि हॉटेले यांची रांग लागली आहे. नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून पश्चिमेस वळले की मार्गासनी, विंझर ही गावे ओलांडून तोरण्याच्या पायथ्याशी वेल्हे येते. (या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे.) कापूरहोळहून वळले तर जुन्या संस्थानची राजधानी असलेले भोर आणि तेथील बाजारपेठ. पुण्याच्या मानाने या दोन्ही तालुक्यांतील व्यापारी इमारती मोजक्याच म्हणाव्या लागतील. त्यांच्या डोक्यावर काय आहे याचा विचार करण्याची गरज आजवर कोणाला भासली नव्हती. पाण्याची टाकी, मोडक्या खुर्च्या, उन्हाळ्यात वाळत घातलेल्या कुरडया, आणि एरवी मोकळे आभाळ, इतकाच त्या गच्चीचा हिशेब होता.

आता त्या मोकळ्या जागेला भाव आला आहे. कोणी मोबाइलचा मनोरा उभारण्यासाठी, कोणी जाहिरातीचा फलक लावण्यासाठी, तर कोणी सूर्यप्रकाशावर वीज करणारी तावदाने बसविण्यासाठी छप्पर भाड्याने मागतो. दुकानात काय विकले जाते याच्याशी या मंडळींना कर्तव्य नसते. छप्पर किती चौरस फुटांचे, सिमेंटचे की पत्र्याचे, त्यावर सावली पडते का, आणि सातबारा वा मिळकतपत्रिका कोणाच्या नावे आहे, एवढेच ते विचारतात. पडून राहिलेली जागा घरबसल्या पैसा देणार असेल तर कोणता गाळेधारक नको म्हणेल? त्याने नको म्हणावे असेही नाही. दुकानदारीतील नफ्याचे प्रमाण घटत चालले असताना दरमहा काही हजारांची निश्चित आवक ही लहान व्यापाऱ्याला मोठाच आधार ठरते. प्रश्न निराळाच आहे. ही आवक कोणत्या जातीची आहे, ती कोठून निर्माण होते आणि तिच्यातील किती भाग कोणाच्या पदरात पडतो, हे समजून न घेताच करार होऊ लागले आहेत.

मराठी मुलखाला खंड हा शब्द नवा नाही. जमीन कसणाऱ्याने जमीन बाळगणाऱ्याला दरसाल द्यावयाचे धान्य वा पैसा म्हणजे खंड. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी त्या शब्दाची धार पुष्कळशी बोथट केली. परंतु खंड ही केवळ शेतजमिनीची गोष्ट नव्हती. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली मांडलेला विचार आजही टिकून आहे : भांडवलावरील वाजवी परतावा आणि श्रमाची मजुरी वजा जाता जे उरते ते जागेच्या धन्याकडे जाते, आणि ते त्याच्या कर्तृत्वामुळे नव्हे तर जागेच्या मोक्यामुळे जाते. १८७९ मध्ये हेन्री जॉर्ज यांनी हाच धागा शहरांतील जमिनीपर्यंत नेला. वस्ती वाढते, रस्ता येतो, रेल्वे येते, आणि ज्याने काडीही हलवली नाही त्याच्या जागेची किंमत दसपट होते. अशा वाढीला अर्थशास्त्राने अनर्जित हा शब्द योजला आहे. छप्पर म्हणजे जमिनीवर चढलेली जमीनच होय. तिच्या भाड्यालाही हाच न्याय लागू पडतो.

कोणी म्हणेल, छप्पर ज्याचे, भाडे त्याचे. यात समाजवाद्यांनी नाक खुपसण्याचे कारण काय? कारण असे की, कापूरहोळच्या हॉटेलाचे छप्पर आणि वेल्ह्याच्या आतल्या खोऱ्यातील तेवढ्याच आकाराचे छप्पर यांच्या भाड्यात जे अंतर पडते ते विटांमुळे वा सिमेंटमुळे पडत नाही. एकाच्या दाराशी सार्वजनिक पैशातून बांधलेला महामार्ग आहे, विजेची भक्कम वाहिनी आहे, सतत जाणारी येणारी माणसे आहेत. दुसऱ्याच्या दाराशी यांपैकी काही नाही. मनोरा उभारणारी कंपनी जेथे ग्राहक दाट तेथेच जाते. खोऱ्यांत आत गेले की रेंज विरळ होते ती याच कारणाने. म्हणजे जेथे मनोऱ्याची गरज अधिक तेथे भाडे शून्य, आणि जेथे आधीच दोन मनोरे आहेत तेथे तिसऱ्याचे भाडे ठरते आहे. बाजाराला मोकळे सोडले की तो असाच वागतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही.

या मोक्याच्या किमतीतील समाजाचा वाटा वसूल करण्याचे एक साधन स्थानिक संस्थांच्या हाती होते, ते म्हणजे कर. मनोरा ही इमारत आहे की यंत्र, यावर कंपन्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयात वाद घातला. १६ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात मनोरे मालमत्ताकरास पात्र ठरू शकतात असा निर्वाळा दिला, आणि नगरपालिका-ग्रामपंचायतींना हायसे वाटले. ते फार दिवस टिकले नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या चौदाव्या कलमाने असे ठरविले की, एखाद्या मालमत्तेवर उभारलेले दूरसंचाराचे जाळे हे त्या मालमत्तेचा भाग मानले जाणार नाही, आणि मालमत्ताकर, उपकर वा शुल्क यांच्या बाबतीतही तसे मानले जाणार नाही. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू झाले. संसदेत या कायद्यावरची चर्चा किती वेळ चालली हा वेगळाच विषय आहे. येथे ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच की, खासगी मालकाचे भाडे जागच्या जागी राहिले आणि गावाच्या हिश्शावर मात्र दिल्लीत बसून काट मारली गेली. डॉ. राममनोहर लोहिया यांच्या चौखंबा राज्यातील गावाचा खांब असा एकेका कलमाने पोखरला जातो.

मनोऱ्याचे भाडे हेही वाटते तितके निर्धोक नाही. २०१७-१८ च्या सुमारास दूरसंचाराच्या धंद्यात जी गळेकापू स्पर्धा झाली तिच्यात रिलायन्स कम्युनिकेशन्सने आपली मोबाइल सेवा गुंडाळली आणि एअरसेल दिवाळखोरीत गेली. देशभर अनेक इमारतमालकांचे भाडे थकले, आणि लोखंडी सांगाडे छपरावर तसेच उभे राहिले. ते काढण्याचा खर्च कोणी करावयाचा हे करारात लिहिलेलेच नव्हते, किंवा बारीक अक्षरांत उलटे लिहिलेले होते. अशा करारांची घडण एकदा नीट वाचून पाहावी. पंधरा-वीस वर्षे करार मोडता येणार नाही हे बंधन बहुधा एकट्या मालकावर असते. कंपनीला महिना-दोन महिन्यांच्या सूचनेने बाहेर पडता येते. एकच मनोरा पुढे दोन-तीन कंपन्यांना वापरावयास दिला जातो, तेव्हा मनोऱ्याच्या धन्याचे उत्पन्न दुप्पट-तिप्पट होते आणि छपराच्या धन्याचे भाडे आहे तेथेच राहते. गच्चीला पाडलेल्या भोकांतून भोरच्या पावसात जी गळती सुरू होते तिची जबाबदारी कोणाची, जनित्राचा आवाज आणि धूर खालच्या भाडेकरूने किती सोसावा, इमारत विकली तर नव्या मालकावर हा करार बंधनकारक राहील काय, याविषयी बहुतेक मसुदे मुके असतात. बाजारपेठेतील जुन्या इमारतींत तर दुकान चालविणारा भाडेकरू आणि छपराचा धनी दुसराच. वरच्याचे भाडे एकाला मिळते, गळके छत दुसऱ्याच्या वाट्याला येते.

किरणोत्साराच्या भीतीबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्यातील काही कार्यकर्ते विरोधाचा सारा भर तिच्यावरच देतात. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशात मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाच्या एक-दशांशावर आणलेली आहे. ती पाळली जाते की नाही याची तपासणी मागणे योग्यच. परंतु भयाच्या आधारावर आंदोलन उभारले की कराराच्या अर्थकारणाचा मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि कंपनीचेच फावते.

आणखी एक धोका थेट फसवणुकीचा. मनोरा उभारून देतो, लाखांची अनामत आणि दरमहा भाडे देतो, तत्पूर्वी नोंदणीशुल्क म्हणून काही हजार रुपये भरा, असे सांगणाऱ्या टोळ्यांनी ग्रामीण भागात पुष्कळांना गंडविले आहे. दूरसंचार विभाग आणि दूरसंचार नियामक प्राधिकरण यांनी वेळोवेळी जाहीर सूचना देऊन बजावले आहे की, असे कोणतेही शुल्क ते घेत नाहीत आणि ना-हरकत पत्रेही देत नाहीत. साधी गोष्ट लोकांच्या मनावर ठसविली पाहिजे : भाडे देणारा भाडेकरू घरमालकाकडून आगाऊ पैसे मागत नसतो. जो मागतो तो भाडेकरू नव्हे.

जाहिरातफलकांवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपाशेजारचा १२० फूट लांब आणि तितकाच उंच फलक वादळात कोसळून १७ माणसे मेली. तो फलक छपरावर नव्हता, जमिनीत रोवलेला होता, तरी ही गत. कात्रजच्या पलीकडे मोकळ्या माळावर वळवाचे वारे कसे सुटते हे ज्याला ठाऊक आहे त्याने पत्र्याच्या शेडवर फलकाचा सांगाडा चढवू देऊ नये, मग भाडे कितीही मिळो.

खरा विचार करावयाचा तो सौर विजेचा, कारण पुढील काही वर्षांत छपरांची मुख्य मागणी तीच राहणार आहे. येथे थोडे आकडे मांडणे भाग आहे. हजार चौरस फूट मोकळ्या, सावलीविरहित छपरावर साधारण १० किलोवॅटची तावदाने बसतात. आपल्या भागात एका किलोवॅटपासून वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज मिळते असे धरता येईल. पश्चिमेकडील घाटमाथ्यावर, जेथे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही, तेथे ती कमी भरेल. म्हणजे वर्षाकाठी १४,००० युनिट. व्यापारी ग्राहकाला एक युनिट १० रुपयांना पडते असे हिशेबापुरते धरले, तर या छपरावर वर्षाला १,४०,००० रुपयांची वीज तयार होते. उभारणीचा खर्च किलोवॅटमागे ५० हजारांप्रमाणे ५ लाख. ही रक्कम दहा टक्के व्याजाने काढून पंधरा वर्षांत फेडावयाची ठरविली तर वर्षाचा हप्ता सुमारे ६६ हजार येतो. धूळ पुसणे, देखभाल, विमा यांसाठी १० हजार धरा. खर्च झाला ७६ हजार. उरले ६४ हजार. भांडवलाला त्याचे व्याज मिळाले, राबणाऱ्याला मजुरी मिळाली, आणि त्यानंतर जे ६४ हजार उरले ते रिकार्डोच्या भाषेत त्या छपराचा खंड होय. कर्ज फिटल्यावर तावदानांचे जे दहा-एक वर्षे आयुष्य राहते त्या काळात वीज थोडी घटेल, पण शिल्लक याच्या दुपटीच्या घरात जाईल.

आता छपराच्या धन्याला देऊ केले जाते ते काय? या बाबतीत सरकारने स्वतःच एक माप घालून दिले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीचे भाडे हेक्टरी दरसाल सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ असे ठरले आहे. शेतकऱ्याला हा आकडा मोठा वाटतो, कारण कोरडवाहू हेक्टरात तेवढे उत्पन्न निघत नाही. पण हेक्टर म्हणजे १ लाख ७ हजार चौरस फुटांहून अधिक. म्हणजे चौरस फुटाला वर्षाला सव्वा रुपयाहूनही कमी. हाच दर हजार फुटांच्या छपराला लावला तर वर्षाचे भाडे भरते सुमारे १,१६० रुपये. १,४०,००० रुपयांच्या विजेपुढे शेकडा एकसुद्धा नाही. कंपनी उदार होऊन याच्या दसपट देऊ लागली तरी ६४ हजारांतील साडेअकरा हजार मालकाला जातील, बाकीचे वर चढलेल्याला. मालकाला ही तुलना करताच येत नाही, कारण त्याच्यापुढे भाड्याचा आकडा ठेवला जातो, युनिटांचा नव्हे. वाटाघाटीला बसताना पहिला प्रश्न युनिटामागे किती पैसे हाच असला पाहिजे.

दुसरी एक पद्धत अशी की, कंपनी आपल्या खर्चाने तावदाने बसविते, भाडे देत नाही, पण इमारतीतील ग्राहकालाच ती वीज महावितरणपेक्षा स्वस्त दराने पंधरा ते पंचवीस वर्षे विकते. हॉटेल, शीतगृह, लहान कारखाना यांना हे भाड्यापेक्षा बरेच फायद्याचे असते. ६ रुपये दर ठरला तर वरच्या उदाहरणात ग्राहकाचे वर्षाला ५६ हजार वाचतात. परंतु यासाठी महिन्याला अकराशे-बाराशे युनिटांचा खप हवा. वेल्ह्यातील किराणा दुकानदाराचा किंवा पिठाच्या गिरणीवाल्याचा खप तेवढा असेलच असे नाही, आणि संयंत्राची क्षमता ग्राहकाच्या मंजूर वीजभाराला बांधलेली असते. त्यामुळे छप्पर मोठे आणि दुकान लहान अशा माणसाची कोंडी होते. अनेक लहान ग्राहकांनी मिळून एका छपरावरची वीज आपापल्या देयकांत वाटून घेण्याची पद्धत दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये नियमांत आणली. महाराष्ट्रातील लहान गाळेधारकापर्यंत तशी सोय विनासायास पोहोचावी, ही मागणी आयोगापुढील जाहीर सुनावणीत कोणी तरी हिरिरीने मांडली पाहिजे. कारखानदारांचे वकील तेथे हजर असतात. गाळेधारकांचे कोणी नसते.

येथे प्रामाणिकपणे एक अडचणीची गोष्टही मान्य केली पाहिजे. वरचे ६४ हजार हे सूर्याने दिलेले नाहीत, ते पुष्कळसे वीजदराने दिलेले आहेत. व्यापारी ग्राहकाचा दर चढा ठेवून शेतकऱ्याचा आणि गरीब घरगुती ग्राहकाचा दर खाली ठेवला जातो, ही आपल्या वीजव्यवस्थेतील जुनी सांगड आहे, आणि समाजवाद्यांनी तिचा नेहमीच कैवार घेतला आहे. महामार्गावरची मोठी हॉटेले आणि कारखाने एकामागून एक स्वतःच्या छपरावर वीज करू लागले की या सांगडीतील देणारी बाजू आटते. मग तूट कोणी भरावयाची? ज्याला स्वतःचे छप्पर नाही त्याने. खोपटात राहणाऱ्या कातकऱ्याच्या दिव्याचा दर वाढवून हॉटेलच्या वातानुकूलित दालनाला फुकट वीज मिळावी, अशी स्थिती आली तर तिला हरित प्रगती म्हणता येणार नाही. यावर उपाय सौर वीज थांबविणे हा नव्हे. मोठ्या व्यापारी छपरांच्या या शिलकीवर समाजाचा हिस्सा बसविणे, आणि लहानांना त्यातून सूट देणे, हा उपाय आहे. छपराच्या खंडावर म्हणूनच तीन हक्कदार उभे राहतात : धनी, भांडवलवाला आणि समाज. करारावर सह्या मात्र पहिल्या दोघांच्याच होतात.

त्या दोघांतही बरोबरी नाही. ज्याच्यापाशी पाच लाख आहेत तो स्वतः तावदाने बसवून चार-पाच वर्षांत मोकळा होतो. ज्याच्यापाशी नाहीत तो छप्पर भाड्याने देतो. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ मधील सूर्यघर योजनेचे ७८ हजारांपर्यंतचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, दुकानासाठी नाही. म्हणजे खरा तुटवडा छपराचा नाही, पतपुरवठ्याचा आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि गावोगावच्या पतसंस्था वाहनासाठी आणि सोन्यावर तत्परतेने कर्ज देतात. ज्या कर्जाचा हप्ता वाचलेल्या वीजबिलातूनच फिटतो ते कर्ज द्यावयास त्यांनी का कचरावे, हा प्रश्न या संस्थांच्या वार्षिक सभेत विचारण्यासारखा आहे. आपले कित्येक कार्यकर्ते या संस्थांचे सभासद आहेत.

भोर आणि वेल्हे या तालुक्यांना तर या विषयात इतिहासाचा धडा घेण्याचा विशेष अधिकार आहे. वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण १९२० च्या दशकात पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे गेले. पुढे वेल्ह्यात पानशेत आणि वरसगाव झाली, ती पुण्याची तहान भागवितात. नीरा-देवघर आणि गुंजवणी त्यानंतरची. खोरी बुडाली येथली आणि मळे पिकले खाली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना एकदाच काय तो मोबदला मिळाला. पाण्याने पुढे दरसाल जी संपत्ती निर्माण केली तिच्यात त्यांचा वाटा कधी धरला गेला नाही. भाटघरला वीजही तयार होते. तिच्या युनिटामागे बुडीत गावांना काही पैसे द्यावेत ही कल्पना त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आली नसावी.

कालव्यांच्या लाभक्षेत्रातील दुसरी कथा अधिक बोलकी आहे. खासगी साखर कंपन्यांनी त्या काळी नगर, पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. शेतकऱ्याने जमीन विकली नव्हती, केवळ भाड्याने दिली होती. पण १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांचे मळे सरकारजमा झाले, १९६३ मध्ये ते राज्य शेती महामंडळाकडे गेले, आणि मूळ धनी आपल्याच जमिनीसाठी मोर्चे काढीत राहिले. खंडकरी शेतकरी हे नाव त्यांना पडले ते यावरूनच. जमिनींचे वाटप प्रत्यक्ष सुरू होण्यास २०१२ साल उजाडले. तोवर करार करणाऱ्यांची पिढी उरली नव्हती. पंचवीस वर्षांच्या करारावर अंगठा उठविताना, अगदी छपराचा असला तरी, ही गोष्ट आठवावी.

उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी जमिनी कंपनीला न देता लहान लहान भाग गोळा करून स्वतःचा साखर कारखाना उभारला, आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्याचा पहिला अध्यक्ष झाला. सहकाराचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यावर या पानावर पुष्कळ लिहून झाले आहे. तरी मूळ कल्पना खोटी ठरत नाही. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी येथे २०१६ मध्ये मूठभर शेतकऱ्यांनी सौर वीज उत्पादकांची सहकारी मंडळी काढली. पंपाला लागून उरलेली वीज ते वीजकंपनीला विकतात. सातारा जिल्ह्यातील, पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. भोरच्या बाजारपेठेतील वीस गाळेधारकांनी, किंवा नसरापूरच्या शेडवाल्यांनी, अशी संस्था का काढू नये? एकट्या छपराला कंपनी दर सांगते. वीस छपरे एकत्र आली की त्यांना दर सांगता येतो.

आणि ज्या छपरांना खासगी धनीच नाही त्यांचे काय? जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायतीची कार्यालये, भोरचे एसटी आगार, तहसील कचेरी, आरोग्य केंद्रे, विकास सोसायट्यांची गोदामे, यांची छपरे मिळून लहान नाहीत. शाळा उन्हाळ्यात, म्हणजे ऐन उन्हाच्या महिन्यांत, बंद असते. तिची वीज तेव्हा जवळजवळ सारीच शिल्लक पडते. या छपरांची मागणी लवकरच येईल, आणि ती बहुधा गावाकडे न येता परस्पर वरच्या कचेरीत जाईल. एखाद्या ठरावाने शेकडो छपरे एका ठेकेदाराच्या हाती जावीत आणि गावाला त्याची वार्ता वर्तमानपत्रातून कळावी, असे होऊ द्यावयाचे नसेल तर कामाला आजच लागले पाहिजे.

काम फार अवघड नाही. प्रत्येक गावातील सार्वजनिक छपरांची मोजणी दोन तरुण एका रविवारी टेप घेऊन करू शकतात : लांबी, रुंदी, सिमेंट की पत्रा, सावली कोठे पडते, इमारत किती जुनी, महिन्याचा वीजखप किती. जुन्या वाड्यांच्या आणि मोडकळीस आलेल्या शाळाखोल्यांच्या छपरांवर बोजा टाकण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा दाखला घ्यावा लागेल. खासगी गाळेधारकांना सांगावे की, वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदविल्याखेरीज पक्का होत नाही. साध्या मुद्रांकावर सही करून देऊ नये, आणि मराठीत मसुदा मिळाल्याशिवाय तर मुळीच नाही. भाडे दरवर्षी किती वाढणार, उपभाडेकरू आला तर त्यातील हिस्सा किती, मुदत संपल्यावर सांगाडा कोण उतरविणार आणि गळती कोण बुजविणार, ही चार उत्तरे कागदावर आली तरी निम्मी भांडणे टळतील. अशा एका नमुना-मसुद्याची भोर आणि वेल्हे येथील वकील मित्रांनी जुळवाजुळव करावी.

सार्वजनिक छपरांची यादी येत्या ग्रामसभेपुढे ठेवावी आणि तिच्याखाली एकच ठराव मांडावा : या छपरांविषयीचा कोणताही करार ग्रामसभेत वाचून दाखविल्याखेरीज आणि युनिटामागे गावाला किती पैसे मिळणार ते जाहीर केल्याखेरीज होऊ नये. सरपंच विचारतील, जिल्हा परिषदेची शाळा, तिच्यावर ग्रामसभेचा हक्क काय? तेव्हा ती शाळा बांधताना जमीन कोणी दिली आणि श्रमदानाला कोण कोण आले होते, हे सभेतील म्हाताऱ्यांना सांगावयास लावावे.